डाव्या पंखातले रिपिट

आमच्या भागात रिवेटला कुणी रिवेट म्हणत नाही. रिपिट म्हणतात. ट्रॅक्टरच्या क्लचप्लेटला रिपिट, दुधाच्या किटलीच्या कानाला रिपिट, दप्तराच्या बक्कलला रिपिट. मी मलकापूरच्या एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी सासरच्या माणसांचा हा शब्द दुरुस्त करत बसले. कुणी दाद दिली नाही. आता मीच रिपिट म्हणते, आणि जो रिवेट म्हणतो तो मला जरा शिष्ट वाटतो.

हे सांगायचं कारण असं की आमच्या शेडमध्ये एक विमान आहे. थट्टा नाही, खरं विमान. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, दोन माणसं बसतील एवढं, घरी बांधलेलं. त्या शेडमध्ये पूर्वी हळद शिजवायची काहील असायची. अजूनही वारा सुटला की कौलांखालून पिवळी धूळ खाली येते आणि विमानाच्या शेपटीवर बसते. गावात आम्हाला विमानवाले म्हणतात. पाहुणे आले की आधी शेडकडे वळतात आणि एकच प्रश्न विचारतात, ‘उडतंय का?’ त्यावर मी ‘बसा, चहा टाकते’ म्हणते. 

विमानाची हौस नवऱ्याची आणि हात सासऱ्यांचे. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडे तशीच रीत आहे. मामांची सगळी नोकरी हवाई दलात गेली. विमानाचा सांगाडा हे त्यांचं काम, म्हणजे पत्रा, फासळ्या आणि रिपिट. उडवायचे साहेब लोक, जोडायचे मामा. निवृत्त होऊन उसात रमले, पण उसाची सरीसुद्धा दोरी ताणून सोडायचे. शेजारचे हसायचे, तर हे म्हणायचे, ‘वाकडं काम मला दिसतंय रं, मी काय करू.’ नवरा सांगलीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. लहानपणापासून बापाच्या तोंडून विमानाच्या गोष्टी ऐकून त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. नकाशे मागवले, पत्रा मागवला, आणि एका दसऱ्याला मामांसमोर सगळं मांडून म्हणाला, ‘आबा, चला.’

कसले रिपिट लावायचे यावरून मात्र बापलेकांचं चांगलंच वाजलं. मामांनी जन्मभर भरीव रिपिट ठोकलेले. त्याला दोन माणसं लागतात: एक बाहेरून ठोकणारा, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरणारा. नवऱ्याच्या नकाशात दुसराच प्रकार होता, त्याला इंग्रजीत आंधळा रिपिट म्हणतात, कारण तो आतली बाजू न बघताच लावता येतो. पोकळ नळी, तिच्यातून गेलेला खिळा. होलात ठेवायचा, रिपिटाच्या गननं खिळा ओढायचा. ओढला की नळी आतल्या बाजूनं फुगते, दोन्ही पत्रे आवळले जातात, आणि खिळा टक करून ठरल्या जागी तुटून गनमध्ये येतो.

‘ह्ये पॉप रिपिट,’ मामा म्हणाले. ‘नंबरप्लेटला मारत्यात. इमानाला न्हाई.’

‘आवं आबा, पंख बंद झाल्यावर आत ठोकळा धरायला कोण जाणार? आई जाणार हाय का?’

‘मी न्हाई बाई,’ आत्या दारातूनच म्हणाल्या.

तोंडानं मिटेना तेव्हा नवऱ्यानं तीन जातींचे रिपिट आणून ठेवले. एक सांगलीच्या हार्डवेअरच्या दुकानातले, शटरला लावतात ते. दुसरे चकचकीत पोलादी. तिसरे विमानासाठीच बनवलेले, लांबून मागवलेले. दिसायला तिन्ही सारखेच. माझ्यापुढं टाकले असते तर मी एका डबीत भरून ठेवले असते. मामांनी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक जातीनं दोन-दोन पट्ट्या जोडल्या आणि शिकंज्यात धरून पहारीनं उचकटल्या. दुकानातल्यांची टोपी पहिल्याच झटक्याला उडाली. पोलादी हलेनात, पण मामांनीच ते बाजूला सारले. ‘पोलाद आन् ॲल्युमिनियम, पावसाळ्यात दोघांचं पटत न्हाई. एक दुसऱ्याला खातं.’ तिसऱ्या जातीच्या वेळी रिपिट जागेवर राहिला आणि पत्राच फाटला. मामा ती फाटलेली पट्टी हातात घेऊन बराच वेळ उलटीसुलटी करत होते. मग म्हणाले, ‘बरा हाय.’ मामांच्या तोंडून बरा म्हणजे छातीवर पदक लावल्यासारखंच.

पुढं एकदा मी नवऱ्याला विचारलं, एवढा हट्ट कशाला केलास, बापाचं ऐकलं असतंस तर काय बिघडलं असतं? तो म्हणाला, ‘अगं, मी सकाळी सांगलीला जातो. भरीव रिपिट घेतले तर आबा दिवसभर माझी वाट बघत बसतील. ह्याला एक माणूस पुरतो.’

एक माणूस पुरतो. हे वाक्य नंतर माझ्या मानगुटीवर बसलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. सांगलीच्या दवाखान्यात नेला आणि परत आणता आला नाही. त्याबद्दल इथं जास्त लिहिणार नाही, लिहिता येत नाही. घरात कुणाला येता येत नव्हतं, म्हणून सगळं फोनवरून चालायचं, रडणंसुद्धा. अशात लांबच्या एका नातेवाईक बाईंचा फोन आला. दोन मिनिटं रडून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘बांगड्या वाढव गं बाई आता.’

वाढवणे. वर्गात मी हा शब्द किती कौतुकानं शिकवला होता! आपली मराठी कशी लाघवी, नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणते. मंगळसूत्र तुटलं तरी वाढलंच. माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत रोज संध्याकाळी दुकान बंद करायचे नाहीत, दुकान वाढवायचे. त्या फोननंतर मला त्या शब्दाची शिसारी आली. मोडायचं आणि वर वाढ म्हणायचं. मी फोन कानाला लावून तशीच उभी होते, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. आत्यांनी माझ्या हातून फोन घेतला. रडून त्यांचा आवाज बसला होता. ‘तिच्या बांगड्या हातात ऱ्हात्यात,’ त्या म्हणाल्या. ‘ठेव फोन.’ आणि स्वतःच फोन ठेवला.

शेडला कुलूप लागलं ते पुढची दिवाळी होईपर्यंत. मग एके दिवशी मी शाळेतून येऊन स्कूटर लावत होते तर शेडमधून टक असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा टक. जाऊन बघते तर मामा एकटेच, गुडघ्याखाली गोणपाट घेऊन, उजव्या पंखाशी बसलेले. रिपिट ठेवत होते, ओढत होते, तुटलेला खिळा पाटीत टाकत होते. कुणाची गरज नव्हती त्यांना. मला एकदम राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, नवऱ्याचा असेल. असला कसला रिपिट निवडलास की म्हाताऱ्या बापाला दुसरं माणूससुद्धा लागू नये?

‘मला द्या,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘ती गन. मला शिकवा.’

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं बघितलं, आणि ‘उद्या ये’ म्हणाले. मला वाटलं, टाळतायत. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी हवाई दलातल्या जुन्या निळ्या स्वेटरच्या बाह्या कोपरापाशी कापून ठेवल्या होत्या. ‘ह्या घाल हातात.’ मी घातल्या. कोपरापासून पंजापर्यंत घट्ट, लोकरीच्या, आणि शेडमध्ये उकाडा. मला कळेना हे काय. बरेच दिवस मी समजत होते की पत्र्याच्या धारेनं हात कापू नये म्हणून असेल. मग नवऱ्याचा मित्र एकदा शेडमध्ये आला, तेव्हा मामांनी त्याला दारातच अडवलं, ‘घड्याळ काढ. अंगठी काढ. पत्र्याला ओरखडा गेला तर तिथनंच चीर सुरू हुती.’ शेडचा पहिला नियम तोच होता, हातात काही घालायचं नाही. नवऱ्यालाही लग्नाची अंगठी काढायला लावायचे. आणि मला मात्र त्यांना म्हणता येईना, पोरी, बांगड्या काढ. सगळ्या जगानं म्हटलं असतं. हे म्हणू शकले नाहीत. म्हणून स्वेटर कापला. ते कळलं तेव्हा मी पंखाच्या पलीकडे जाऊन उगाच झाडलोट करत राहिले.

शिकवताना मात्र त्यांनी मला सून म्हणून काही सूट दिली नाही. गन पत्र्याला काटकोनात हवी. रिपिटाची टोपी पत्र्याला चिकटलेली हवी; कागदासारखी पातळ एक पोलादी पट्टी ते टोपीखाली सरकवून बघायचे, ती जरा जरी आत गेली की म्हणायचे, ‘रिजेक्ट.’ आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पकड. प्रत्येक रिपिट ठरावीक जाडीचेच पत्रे आवळू शकतो. जाडीला तोकडा पडला तर लागतच नाही, आणि लांब झाला तर जास्त वाईट, कारण तो लागल्यासारखा दिसतो. खिळा तुटतो, टोपी बसते, आत मात्र पत्रे सैलच. ‘पोराच्या पायात बापाचा जोडा,’ मामा म्हणायचे. ‘दिसतो झ्याक. चालता येत न्हाई.’ मी लावलेले कितीतरी रिपिट त्यांनी माझ्यादेखत काढायला लावले. मी चिडायचे. वर्गात मुलांच्या वह्या मी एवढ्या निर्दयपणे तपासत नाही.

काही दिवसांनी आत्याही सूप घेऊन शेडच्या दारात बसू लागल्या. तांदूळ निवडायचं निमित्त. आतून टक आवाज आला की त्या खाली मान घालून म्हणायच्या, ‘वाढला.’ पुन्हा टक, पुन्हा ‘वाढला.’ तो शब्द ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा मी बोललेच.

‘आत्या, तुटला म्हणा. तुटण्यासाठीच असतो तो.’

‘तुझ्या शाळंत म्हण तुटला,’ आत्या म्हणाल्या. ‘माझ्या घरात आता काय तुटत न्हाई.’

 मामा मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी मला पुढचा रिपिट दिला.

असा उजवा पंख झाला, शेपूट झाली, आणि रंगाची वेळ आली. डावा पंख नवऱ्याच्याच हातचा होता. पहिल्या टाळेबंदीत कारखाना बंद असताना त्यानं तो पूर्ण केला होता. आम्ही त्याला हात लावला नव्हता. भिंतीला उभा होता, चादर पांघरून. यंदा हळदीची काढणी चालू असताना तो आम्ही लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला आणि मी फडक्यानं पुसायला घेतला. सावकाश पुसत होते. घाई कशाची होती? एकेक रिपिट त्यानं लावलेला. आणि खालच्या बाजूच्या एका ओळीत फडक्याखाली टोपी फिरली.

मला वाटलं भास झाला. नख लावून बघितलं. फिरली. शेजारची फिरली नाही, पण तिच्या पुढची फिरली. लागलेला रिपिट फिरत नाही. फिरला म्हणजे त्यानं आत काहीच धरलेलं नाही. हे मला मामांनीच शिकवलं होतं.

मामा आले. त्यांनी खिशातून पट्टी काढली, टोपीखाली घातली. सहज गेली. ओळीतल्या सगळ्या टोप्यांखाली त्यांनी ती घालून बघितली, मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आता रिजेक्ट म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी पट्टी पुसली, खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘चालतंय. ऱ्हाऊ दे.’

‘मामा, फिरतायत ते.’

‘फिरंनात का. पंखात एवढे रिपिट हायेत. एका ओळीनं काय हुतंय.’

ज्या माणसानं उसाची सरी वाकडी चालवून घेतली नाही, तो हे म्हणत होता. आणि का म्हणत होता ते मला कळत होतं, कारण मलाही तेच हवं होतं. ती ओळ त्याच्या हातची होती. त्याचे कपडे वाटून झाले होते, मोबाईल बंद पडला होता, उशीचा वास कधीच गेला होता. राहिला होता तो हा पंख. मी फडकं उचललं आणि पुढची ओळ पुसू लागले.

त्याच आठवड्यात रविवारी नवऱ्याचा तोच मित्र आला. तो वैमानिक आहे, मुलांना उडायला शिकवतो. परवानग्यांचं आणि कागदांचं सगळं तोच बघत होता, आणि विमान पहिल्यांदा वर घेऊन जायचं त्यानंच कबूल केलं होतं. आला की आमच्याकडेच जेवतो. त्याची आई मला फोन करून विचारते, जेवला का नीट. त्या दिवशी तो पाठीवर झोपून पंखाखाली सरकला, हातानं पत्रा थोपटला आणि तिथूनच म्हणाला, ‘वहिनी, काय काम केलंय आपल्या गड्यानं! काका, डावा पंख ओके ना?’

मी मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, ‘रंग द्यायचा बाकी हाय.’

खोटं नव्हतं ते. पण मामांना मी एवढं आडून उत्तर देताना कधी ऐकलं नव्हतं.

तो जेवून गेल्यावर मी शेडमध्ये गेले. मामा तिथंच होते, स्टुलावर बसून, हात मांडीवर.

‘मामा, त्या पंखाच्या जिवावर तो वर जाणार आहे,’ मी म्हणाले. ‘त्याच्या आईला मी काय सांगू?’

‘तू मला शिकवतीस?’ त्यांचा आवाज चढला.

‘व्हय,’ मी म्हणाले. मी घरात शाळेतलंच मराठी बोलते, पण त्या वेळी तोंडातून मामांचीच बोली आली. ‘तुमी शिकवलंत त्येच शिकवतीय.’

ते उठले आणि पाटाच्या कडेकडेनं उसाकडं निघून गेले. आत्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी मनात म्हटलं, आता ह्या मला बोलणार, माझ्या लेकाचं तेवढंच राहिलं होतं तेही तुला खुपतंय का. त्या उठल्या, पंखाजवळ आल्या, आणि विचारलं, ‘कंची ओळ?’ मी दाखवली. त्यांनी बोटानं एक टोपी फिरवून बघितली. त्या रिपिटांतलं त्यांना काही कळत नाही. पण फिरतंय ते कळलं. ‘वर जानार त्ये दुसऱ्या आईचं पोरगं हाय,’ एवढंच म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

मामा ऊन उतरल्यावर आले. माझ्याकडं न बघता बोलू लागले, जणू पंखाशीच बोलत होते.

‘टाळेबंदीत पार्सल येत नव्हतं. बरोबर मापाचे संपले. मी घरात बसून बसून याड लागायची पाळी. त्याच्या मागंच लागलो, पंख बंद कर, एकदा डोळ्यानं बघू दे मला. त्यो म्हनला, आबा, लांबडे हायेत ते लावून ठिवतो. तुमी बघून घ्या. माल आला की बदलू.’ ते थांबले. ‘मला म्हाईत हुतं. माल यायला वरीस गेलं. आला तवा त्यो न्हवता.’

म्हणजे त्यानं चूक केली नव्हती. त्यानं म्हाताऱ्या बापाला पंख दाखवला होता. आणि बदलायचं काम मागं ठेवलं होतं, आम्हाला. मला इतकं हलकं वाटलं की मी हसलेच, आणि मग हसता हसता रडले. मामा म्हणाले, ‘आता रडून पत्रा भिजवू नगंस,’ आणि स्वतः उपरण्यानं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळीच आम्ही काम काढलं. लागलेला रिपिट काढणं एक वेळ सोपं असतं: तुटलेल्या खिळ्याचं राहिलेलं टोक बारीक सुंब्यानं, म्हणजे बोथट खिळ्यासारख्या हत्यारानं, आत ठोकायचं, टोपीच्या मधोमध ड्रिल टेकवायचं, टोपीच्या जाडीएवढंच भोक पाडायचं, टोपी सुटून येते. पण सैल रिपिट ड्रिलबरोबर गरगर फिरतो आणि कापलाच जात नाही. एकानं पातळ पात्यानं टोपी दाबून धरावी लागते आणि दुसऱ्यानं ड्रिल चालवावं लागतं. मला हे माहीत नव्हतं. लावायला एक माणूस पुरतो, काढायला दोघं लागतात. मामांनी पातं घेतलं आणि ड्रिल माझ्याकडं दिलं.

‘माझा हात हलतोय,’ ते म्हणाले. ‘तू चालव. आन् ध्यान ठेव, होल वाढला न्हाई पायजे. ड्रिल खोल गेलं, न्हाईतर तिरकं झालं, की पत्रा कापला. पत्रा कापला की संपलं.’

होल वाढला नाही पाहिजे. कितीतरी दिवसांनी मी तो शब्द त्याच्या साध्या अर्थानं ऐकला. मी श्वास रोखून टोपीच्या मध्यावर टोक टेकवलं. मामांची बोटं माझ्या ड्रिलपासून दोन बोटांवर, आणि त्यांचा माझ्यावर इतका विश्वास की त्यांनी ती जराही मागं घेतली नाहीत. चांदीसारखा बारीक चुरा निघाला, टोपी टोकाला अडकून वर आली. मी ती वाटीत टाकली.  मग मामा म्हणाले, ‘फुडला.’

दुपारपर्यंत ओळ संपली. टोप्या वाटीत होत्या, पण नळ्यांची शेपटं पंखाच्या आत पडली होती आणि ती काढल्याशिवाय भागत नाही. आम्ही दोघांनी पंख उचलून, धडाला जोडायची उघडी बाजू खाली करून उभा धरला आणि हलवला. आत खळखळ वाजलं. आत्या खाली सूप घेऊन बसल्या. एकेक शेपूट घरंगळत येऊन सुपात पडायचं, आणि त्या ते तांदळातल्या खड्यासारखं उचलून बाजूला घ्यायच्या. शेवटचं पडल्यावरही त्या सूप धरून होत्या. ‘अजून हलवा,’ म्हणाल्या. आम्ही हलवलं. आत शांत होतं.

‘ह्यांचं काय करायचं?’ त्यांनी विचारलं.

‘भंगार,’ मामा म्हणाले.

‘कृष्णंत सोडू?’

‘नदीत ॲल्युमिनियम टाकतीस व्हय?’

आत्यांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ती शेपटं आणि टोप्या त्यांनी पदराला बांधल्या. पुढं त्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

पंख पुन्हा घोड्यांवर आडवा झाला. त्या एका ओळीत आता नुसते होल होते. शेडच्या दारातून ऊन आत येत होतं आणि होलांतून पंखाच्या आतल्या फासळ्या दिसत होत्या. नव्या रिपिटांचं पाकीट बाकावर तयार होतं, बरोबर मापाचं. मी ते फोडायला घेतलं आणि हात चालेना. सकाळचा हलकेपणा कुठल्या कुठे गेला. जे काढलं ते काढायलाच हवं होतं हे पटत होतं, तरी आत काहीतरी ओरबाडून निघाल्यासारखं झालं होतं.

‘मामा,’ मी म्हणाले, ‘आता ह्या ओळीत त्यांच्या हातचं काय राहिलं?’

 मामांनी पाकिटातून एक नवा रिपिट घेतला, पहिल्या होलात ठेवला आणि बोटानं इकडून तिकडं हलवून बघितला. हलला नाही. काढला, दुसऱ्या होलात ठेवला. तिथंही हलला नाही. असं करत ते ओळीच्या टोकापर्यंत गेले, आणि मी पाकीट हातात धरून त्यांच्या मागं. मग ते खाली वाकले, एक डोळा मिटला आणि ओळीवरून नजर टाकली, उसाच्या सरीवरून टाकतात तशी.

‘होल त्येचेच हायेत की गं,’ ते म्हणाले. ‘बघ, सुतात हाय का न्हाई. पट्टी लावून, खुणा करून, एकेक त्येनं पाडलाय. एकबी बिघडू दिला न्हाईस तू. आता ह्यात तू रिपिट लाव, मी लावीन, न्हाईतर आनी कुणी लावू दे. बसायचं त्येनं सांगितलं तिथंच.’